बोरिवलीत भुंगेरा ओळखताना

पावसाची पहिली सर येऊन गेली की रात्री टॉर्च घ्या आणि सोसायटीच्या कुंपणालगतचा पालापाचोळा हळूच बाजूला करा. उडण्याऐवजी धावत सुटणारा काळा भुंगेरा दिसला तर पारदर्शक डबीत घ्या आणि आधी खालून बघा. मागच्या पायांच्या मुळांमुळे पोटाचा पहिला पट्टा दुभागलेला असेल, मिशा दोऱ्यासारख्या असतील, तर तो बहुधा कॅराबिडी, म्हणजे जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. पोट न पाहता नाव देणं मला पटत नाही. रंग फार फसवतो.

मग वंश, म्हणजे कुळातला लहान गट. पंखकवचं (पाठीवरची कडक झाकणं) टोकाशी आडवी कापल्यासारखी, रंग काळा-पिवळा: फेरोप्सोफस. याला बोटांनी धरू नका, जवळजवळ १०० अंश सेल्सिअसचा फवारा मारतो. काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके: अँथिया सेक्सगुटाटा. याचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत, हा मात्र आपल्या भारतातला! म्हणून याची प्रत्येक नोंद मोलाची.

नोंदीत नुसतं 'मुंबई' लिहू नका. नेमकी जागा, तारीख, वेळ, जमीन कशी होती तेही लिहा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जिथून उचलला तिथेच सोडा. राष्ट्रीय उद्यानात मात्र फक्त फोटो. पकडायला वनखात्याची परवानगी लागते.