चिंचगुळाची जीभ आणि राइनकाठची रीसलिंग

जर्मनीत आल्यावर आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं, आरोग्य विमा, भारतीय किराणा कुठे मिळतो, हे सगळं तुम्हाला इथल्या मंडळातले दहा जण दहा वेळा सांगतील. मी सांगणार आहे ते, म्हणजे रीसलिंग या द्राक्षाची पांढरी वाइन कशी निवडायची हे, कोणी सांगत नाही, आणि गरज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच पडते. ऑफिसातलं कोणीतरी घरी जेवायला बोलावतं. रिकाम्या हाताने जायचं नाही हे आपल्याला घरूनच शिकवलेलं असतं. मग शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटात वाइनच्या फळ्यांसमोर उभं राहायचं आणि त्यातल्या त्यात सुंदर लेबल उचलायचं. २००६ साली मीही तेच केलं. यजमानीणबाईंनी बाटली घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "छान! ही शेवटी गोडाबरोबर उघडू." ती काही उघडली गेली नाही.

मी रुसेल्सहाइमला राहते. आपल्यातले बरेच जण इथे गाड्यांच्या कामासाठी येतात आणि गावाला 'कारखान्याचं गाव' म्हणून मोकळे होतात. पण रीसलिंगच्या वेलींचा आजवर सापडलेला सगळ्यात जुना लेखी उल्लेख याच गावचा आहे. १४३५ सालच्या एका हिशेबाच्या कागदात काट्सेनएल्नबोगनच्या सरदाराने या वेली विकत घेतल्याची नोंद आहे. म्हणजे तुम्ही या वाइनच्या दारातच उतरला आहात. तेव्हा पहिली गोष्ट, 'राइसलिंग' म्हणू नका. तांदळाशी तिचा संबंध नाही. रीसलिंग, 'री' दीर्घ.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे वाइनबद्दल एक समज रुजलेला असतो: कोरडी ती भारी, गोड ती बायकांची नाहीतर नवशिक्यांची. रीसलिंगच्या बाबतीत हा समज दारातच काढून ठेवा. या द्राक्षाची ताकद आंबटपणात आहे, आणि चांगल्या आंबटाला थोडा गोडवा लागतो हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. चिंचगुळाच्या आमटीत गूळ असतो म्हणून आपण तिला गोड पदार्थ म्हणतो का? गूळ काढला तर ती नुसती आंबट लागते, चिंच काढली तर मिळमिळीत. मोझेल नदीकाठच्या 'काबिनेट' प्रकारच्या रीसलिंगमध्ये लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते, तरी घोट संपतो तेव्हा जीभ स्वच्छ होते, कैरीच्या पन्ह्याने होते तशी. गोड किती हे विचारू नका. गोडाला तोलायला आंबट पुरेसं आहे का, ते बघा.

हे बाटली न उघडता कसं कळायचं? लेबलवरचं सगळं सोडा आणि कोपऱ्यातला अल्कोहोलचा बारीक आकडा शोधा. द्राक्षातली साखर आंबून अल्कोहोल होते. सगळी आंबू दिली तर आकडा १२-१३ टक्क्यांवर जातो आणि वाइन कोरडी होते. मध्येच थांबवलं तर आकडा ८ टक्क्यांवर राहतो आणि उरलेली साखर वाइनमध्येच असते. ढोबळ हिशेब असा: साडेनऊच्या खाली गोड, १२ च्या वर कोरडी, मधली मधलीच. अठरा वर्षांत मला या आकड्याने क्वचितच फसवलंय. शब्दांनी मात्र पुष्कळदा फसवलं.

शब्दांचा घोळ असा. ट्रोकन म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. हाल्बट्रोकन १८ पर्यंत. फाइनहेर्ब या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. साधारण हाल्बट्रोकनच्या आसपास, पण करणाऱ्याच्या मनावर. इथवर ठीक. पुढे काबिनेट, श्पेटलेझे, ऑसलेझे अशी चढती पायरी येते आणि नवे लोक इथेच पडतात, कारण त्यांना ती गोडपणाची पायरी वाटते. ती तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं त्याची पायरी आहे. त्यामुळे 'श्पेटलेझे ट्रोकन' अशी बाटलीही असते, पिकलेल्या द्राक्षांची पण कोरडी. 'गे-गे' (GG) ही दोन अक्षरं दिसली तर ती ग्रोसेस गेवेक्स, म्हणजे उत्तम जमिनीवरची आणि नेहमी कोरडी. टोपणावर गरुड दिसला तर तो १९१० साली स्थापन झालेल्या फाउ-डे-पे (VDP) या वाइन करणाऱ्यांच्या संघाचा. गरुड असला की निराशा सहसा होत नाही, पाकीट मात्र हलकं होतं.

श्पेटलेझेची कथा इथे प्रत्येक जण सांगतो, तेव्हा तुम्हालाही येऊ द्या. राइनकाठच्या राइनगाऊ प्रदेशातल्या योहानिसबेर्ग किल्ल्याच्या बागेला तोडणीची परवानगी फुल्डाच्या धर्मगुरूंकडून घ्यावी लागे. १७७५ साली परवानगी घेऊन येणारा स्वार फार उशिरा पोहोचला. तोवर द्राक्षांवर बुरशी चढून ती सुकायला लागली होती. नाइलाजाने तशीच तोडली, आणि वाइन अशी झाली की उशिरा तोडणं हीच रीत पडली. किल्ल्याच्या अंगणात त्या स्वाराचा पुतळा आहे. उशीर केल्याबद्दल पुतळा उभारलेला सरकारी निरोप्या माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

सुरुवात राइनगाऊपासूनच करा, जवळ आहे म्हणून. राइन उत्तरेकडे वाहता वाहता मुख्य दिशा सोडून इथे सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला वळते, त्यामुळे उजव्या काठचा सगळा उतार दक्षिणेकडे, सूर्याकडे तोंड करून बसतो. ५० अंश उत्तर अक्षांशावर ऊन ही चैनीची वस्तू आहे. इथली रीसलिंग ताठ, बहुतेक कोरडी, जेवणाबरोबरची. यजमानांना द्यायला राइनगाऊची ट्रोकन कधीच चुकत नाही.

पण माझा जीव मोझेलवर. २०१४ च्या मे महिन्यात तासगावहून काका आले होते. त्यांची चाळीस वर्षं द्राक्षात गेलेली: मांडव, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, भुरी, डावणी, आणि शेवटी रॅकवर पसरलेले बेदाणे. त्यांना मी ब्रेमला नेलं. तिथला काल्मोंट म्हणजे युरोपातल्या सगळ्यात खड्या द्राक्षबागांपैकी एक. काही ठिकाणी चढ ६० अंशांच्याही वर. काका खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मांडव नाही, प्रत्येक वेल एकेका खुंटाला बांधलेला, आणि पायाखाली माती कसली, काळ्या पाटीच्या दगडाच्या चिपा. एक चीप उचलून त्यांनी गालाला लावली. "तापलीया की गं," म्हणाले. तेच तर आहे. दिवसा तो दगड ऊन धरून ठेवतो आणि रात्री वेलीला देतो. मग विचारलं, "फवारा कसा मारत्यात हितं?" मी म्हटलं, हेलिकॉप्टरने. काका माझ्याकडे बघून नुसते हसले. थट्टा करतेय असं वाटलं त्यांना.

त्या संध्याकाळी आम्ही साडेआठ टक्क्यांची काबिनेट उघडली. काकांनी आयुष्यात वाइन घेतली नव्हती. एक घोट घेऊन म्हणाले, "हिच्यात दगडाचा वास हाय." वाइनचे जाणकार यावर पानंच्या पानं लिहितात. मला विचाराल तर तो वास दगडाचा की आंबटपणाचा भास, याने काही बिघडत नाही. लेबलवर ग्राख, वेलेन, युर्त्सिग, पीसपोर्ट यांपैकी गावाचं नाव दिसलं तर उचला. जार नदीकाठची असेल तर आणखी धारदार.

राइनहेसन हा सगळ्यात मोठा प्रदेश, त्यामुळे तिथे सगळंच आहे: बेचव स्वस्ताईही आणि रत्नंही. रत्नांसाठी निअरस्टाइनचा लाल उतार. रुसेल्सहाइमकडून गेलात तर कोर्नझांडहून फेरीबोटीने राइन ओलांडायची. समोर लाल मातीची भिंत आणि तिच्यावर हिरव्या रेघा. एवढ्यासाठीसुद्धा एक रविवार द्यावा. नाहे नदीकाठच्या रीसलिंगचं वर्णन मला नीट जमत नाही. राइनगाऊचा ताठपणा आणि मोझेलचा हलकेपणा मधोमध भेटल्यासारखी ती लागते, आणि किमतीच्या मानाने मिळतं जास्त. फाल्त्स हा प्रदेश उबदार. तिथे बदामाची झाडं फुलतात, अंजीर पिकतात. फोर्स्ट, डाइडेसहाइम या गावांची रीसलिंग भरदार, कोरडी, पिवळ्या पीचच्या चवीची.

सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या अल्सासची तशीच भरदार, बहुतेक कोरडी. ऑस्ट्रियात वाखाऊची, तिथे श्टाइनफेडर, फेडरश्पील, स्माराग्ड अशी हलकी ते जड नावं असतात आणि तिन्ही कोरड्या. कोणाची बदली ऑस्ट्रेलियाला झाली तर क्लेअर व्हॅलीची चाखा. लिंबाची साल किसावी तसा वास, आणि बाटलीला बूच नसून फिरकीचं झाकण. त्याला हलकं समजू नका, तिथल्या लोकांनी ते मुद्दाम निवडलंय. नाशिकची सुलाची रीसलिंग तुमच्यापैकी काहींनी घेतली असेल. तीच जीभ घेऊन मोझेलकडे आलात तर पहिल्या घोटाला दात आंबतील. गरम हवेत द्राक्षाचा आंबटपणा लवकर उतरतो, इथे तो टिकून राहतो. तिसऱ्या घोटापर्यंत थांबा.

जुन्या बाटलीतून कधीकधी चक्क पेट्रोलचा वास येतो. ती वाइन बिघडलेली नाही. रीसलिंगचा तो वाढत्या वयाचा वास आहे. आणि तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर तो वाइनश्टाइन, आंबटाचेच खडे. मी पहिल्यांदा घाबरून चांगली ऑसलेझे मोरीत ओतली होती. अजून हळहळते.

जेवणाबरोबर काय, हे आपलं आपणच शोधावं लागतं, कारण जर्मन पुस्तकांत आपला तांबडा रस्सा नाही. मी घरी करून पाहिलंय. तांबड्या रश्शाबरोबर १३ टक्क्यांची कोरडी घेतली तर तिखट दुप्पट पेटतं, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. त्याच रश्शाबरोबर साडेआठची मोझेल काबिनेट घ्या, आग विझते आणि मसाल्याची चव उरते. अळूवडीला फाइनहेर्ब, आधीच चिंचगुळाचं लग्न लागलेलं असतं. कोळंबीच्या कालवणाला नाहे किंवा फाल्त्सची ट्रोकन, पण खोबरं जास्त असेल तरच. ठेच्याबरोबर काहीच नको, पाणी प्या. पुरणपोळीच्या नादाला लागू नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन बिचारी आंबट पाणी होते. पुरणपोळीबरोबर दूध आणि तूप. हा प्रश्न आपल्या आज्यांनी केव्हाच सोडवलाय.

विकत घ्यायला सुपरमार्केटपेक्षा वाइनगुटवर जा, म्हणजे करणाऱ्याच्या घरीच. ८ ते १२ युरोंत चांगली बाटली मिळते. चाखायला देतात, कोरडीपासून गोडाकडे जायचं, आणि थुंकायचं भांडं असतं त्यात थुंकलं तर कोणी नावं ठेवत नाही. तासभर फुकट चाखून हात हलवत निघू नका, दोन बाटल्या घ्या. दारावर फांद्यांचा गुच्छ टांगलेला दिसला तर ती श्ट्राउसवीर्टशाफ्ट: शेतकऱ्याने स्वतःच्या अंगणात वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत चालवायची खानावळ. अनोळखी लोकांच्या बाकावर जागा मागून बसायचं. ग्लास दांड्याला धरायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि 'त्सुम वोल' म्हणायचं. पीत नसाल तर ट्राउबेनशोर्ले मागवा, द्राक्षाचा रस आणि सोडा. का पीत नाही हे कोणी विचारत नाही. शाकाहारी असाल तर बाटलीवर 'व्हेगन' शोधा, कारण काही जण वाइन निवळायला जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात.

सप्टेंबरात फेडरवाइसर येते, अजून आंबत असलेला रस. झाकण मुद्दाम सैल असतं, नाहीतर बाटली फुटेल. ही बाटली आडवी ठेवायची नसते. पहिल्या वर्षी मी ती बॅगेत आडवी ठेवून लोकलमध्ये बसले. माइन्त्सहून घरी पोहोचेपर्यंत व्हिसाच्या कागदांची फाइल आंबट झाली होती. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातल्या बाईंनी कागद हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "चांगली होती का?" सरबतासारखी लागते म्हणून दोन ग्लास पिऊन गाडी मात्र चालवू नका. मर्यादा रक्तात हजारी ०.५ ची आहे, आणि लायसन्स प्रोबेझाइटमध्ये, म्हणजे नव्या लायसन्सच्या परीक्षेच्या मुदतीत, असेल तर शून्य.

रिकाम्या बाटल्यांना सहसा प्फांड, म्हणजे बाटली परत केल्यावर मिळणारी अनामत, मिळत नाही, त्या काच टाकायच्या डब्यात जातात. मोझेलची रूढ बाटली हिरवी, राइनची तपकिरी, तेव्हा रंगाप्रमाणे खाच बघून टाका. आणि रविवारी टाकू नका. आमच्या गल्लीतल्या एक आजी आवाजावरून बाटल्या मोजतात.