मेमँटिन घरी चालू करताना

घरात कुणाला अल्झायमर असेल आणि डॉक्टरांनी मेमँटिन लिहून दिली असेल तर आधी हे डोक्यात पक्कं करा की ही काही स्मरणशक्ती वाढवायची गोळी नाही. मेंदूत ग्लुटामेट असतं, पेशी त्याच्यातूनच एकमेकींना निरोप देतात, पण या आजारात ते पेशींना सारखं डिवचत राहतं, मग कॅल्शियम आत घुसत जातं आणि पेशी खराब होतात असं मानतात. मेमँटिन कॅल्शियम आत शिरतं त्या दाराला, म्हणजे पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरला, सैलसर बूच लावते, खरा निरोप आला की बूच बाजूला. केटामाइनपण त्याच एनएमडीए रिसेप्टरवर बसतं पण घट्ट, म्हणून ते भूल द्यायला वापरतात.

डोस एकदम पूर्ण द्यायचा नाही. साधारण पहिल्या आठवड्यात रोज ५ मिग्रॅ, मग दर आठवड्याला ५ ने वाढवत चौथ्या आठवड्यात सकाळी १० संध्याकाळी १०. चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठीच खरी, कारण किडनी फारच कमजोर असेल तर डोस निम्म्यावर थांबवतात, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्याच. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका, औषध शरीरात बरेच तास टिकतं. पण बरेच दिवस खंड पडला तर परत थेट २० वर जायचं नाही, डॉक्टरांना फोन करा, बहुतेक खालून चढावं लागतं.

खरी गडबड होते ती बाकीच्या औषधांनी. खोकला झाला की आपण मेडिकलमधून सिरप आणतो ना, त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का ते बाटलीवर बघा, असेल तर नको. पार्किन्सनसाठी अमँटॅडिन चालू असेल तर ते आधीच सांगा. आणि ॲसिडिटीला रोज खायचा सोडा घ्यायची सवय असेल तर तीपण, सोड्याने लघवी अल्कलाइन होते, मग औषध बाहेर पडायला वेळ लागतो आणि अंगात साठतं.

सुरुवातीला चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठता होऊ शकते. चक्कर येत असेल तर रात्री बाथरूमला एकटं सोडू नका. गोंधळ अचानक वाढला, भास व्हायला लागले तर पुढचा डोस वाढवायच्या आधी विचारा. फायदा झाला तरी थोडाच दिसतो, म्हणजे कपडे घालणं, जेवणं अशी कामं थोडी जास्त दिवस जमतात, आजार थांबत नाही. काही महिन्यांनी डॉक्टर विचारतील की फरक आहे का, तेव्हा "ठीक आहे" एवढंच सांगून भागत नाही, आंघोळ कोण घालतं, रात्री किती वेळा उठतात हे कॅलेंडरवर लिहीत जा.