पेडियाट्रिक ऑन्कोमध्ये (मुलांच्या कॅन्सर विभागात) पहिलं पोस्टिंग लागलंय? एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एक ब्लड कॅन्सर) आधी समजून घ्या

पहिल्या आठवड्यात मी औषधांची नावं पाठ करत बसले आणि तिथेच चुकले. आधी बोन मॅरोत (हाडांच्या आत, जिथे रक्तपेशी तयार होतात) काय होतं ते डोळ्यासमोर आणा. अर्धवट वाढलेल्या लिम्फोब्लास्ट पेशी तिथे इतकी गर्दी करतात की बाकीच्यांना जागाच उरत नाही, लाल पेशी कमी म्हणून मूल पांढरंफटक, प्लेटलेट कमी म्हणून अंगावर ठिपके, कामाच्या पांढऱ्या पेशी कमी म्हणून ताप हटत नाही. हे डोक्यात बसलं की निम्मं पाठांतर वाचतं.

हाडं दुखणं मात्र हमखास निसटतं. एक चार वर्षांचा मुलगा दोन आठवडे लंगडत होता, पाय मुरगळला असेल असंच सगळे धरून चालले होते, मी मोजा खाली सरकवला तर घोट्यावर बारीक लाल ठिपके, बोटाने दाबले तरी पुसट होईनात. मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (रक्त काचेवर पसरून बघणं), मॅरोची तपासणी. अशा मुलाला संधिवात समजून आधीच स्टेरॉइड देऊ नका, ब्लास्ट तात्पुरते दबतात आणि निदान लांबतं.

इंडक्शन, म्हणजे उपचाराचा पहिला टप्पा, साधारण चार आठवड्यांचं, विनक्रिस्टिन, स्टेरॉइड, अ‍ॅस्परजिनेज, शिवाय पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. विनक्रिस्टिन फक्त शिरेतून, कण्यात गेलं तर जीव जातो, म्हणून दोन्ही औषधं एका ट्रेमध्ये कधीच नकोत. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली आणि ताप आला तर कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायला) घ्या आणि तासाभरात अँटिबायोटिक सुरू करा, रिपोर्टची वाट बघू नका.

पण खरी कसोटी रेमिशननंतर, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाल्यावर लागते. त्याच मुलाच्या आईने विचारलं, "डॉक्टर, रिपोर्ट क्लिअर आहे ना, मग अजून दोन वर्षं गोळ्या कशाला?" मी आधी घाईत "प्रोटोकॉल आहे" म्हणून मोकळी झाले, तिचा चेहरा बघून परत बसले. सांगितलं, मायक्रोस्कोपखाली दिसत नाही म्हणजे संपलं असं नाही, कोट्यवधी पेशी लपून राहू शकतात, म्हणूनच दहा हजारांत एक पेशी हुडकणारी एमआरडी (उरलासुरला आजार शोधणारी) टेस्ट करतो, ती निगेटिव्ह आली तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि पूर्ण उपचार नीट मिळाले तर आज दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. तिने पिशवीतून कॅलेंडर काढलं, सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिनची गोळी) रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, त्या वाराला लाल पेनाने गोल केला आणि माझ्याकडून तपासून घेतला.