कॉलेजचं काम अडलंय? उच्च शिक्षण खात्याकडून ते करून कसं घ्यायचं

माझ्या मावसबहिणीची शिष्यवृत्ती दोन वर्षं अडकली होती. बीएस्सीला होती, ओपन कॅटेगरी, घरचं उत्पन्न कमी, फॉर्म वेळेत भरलेला. पैसे आले नाहीत म्हणून ती जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसला तीन वेळा जाऊन आली, एसटीने, प्रत्येक वेळी कॉलेज बुडवून, आणि तिसऱ्या वेळी तिथल्या एका ताईंनी अर्जाची प्रिंट नीट बघून सांगितलं की अगं ही योजना आमची नाहीच, ही उच्च शिक्षणवाल्यांची आहे. तेव्हापासून मी या खात्याचं काम कसं चालतं ते समजून घेतलं, आणि अनेक पोरापोरींना अर्ज लिहून दिलेत. बहुतेक वेळा काम अडतं ते आपण चुकीच्या दारात उभे असतो म्हणून, आणि बरोबर दारात गेलो तरी हातात पोच घेत नाही म्हणून. या दोन गोष्टी जमल्या की निम्मं काम झालं समजा.

तर आधी दार कुठलं ते बघू. मंत्रालयात उच्च व तंत्र शिक्षण विभाग आहे. त्याच्या खाली वेगवेगळी संचालनालयं आहेत आणि लोकांची सगळी गडबड इथेच होते. बीए, बीकॉम, बीएस्सी, लॉ, बीएड असलं काही करत असाल तर तुमचं खातं म्हणजे उच्च शिक्षण संचालनालय, ते पुण्यात सेंट्रल बिल्डिंगला आहे. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, फार्मसी, आर्किटेक्चर, एमबीए, एमसीए असेल तर तंत्र शिक्षण संचालनालय, ज्याला सगळे डीटीई म्हणतात, ते मुंबईत सीएसएमटीजवळ महापालिका मार्गावर. चित्रकला, उपयोजित कला वगैरेला कला संचालनालय. सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅप राउंडचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचं, सगळं सीईटी सेलकडे. डिप्लोमाची परीक्षा आणि मार्कशीट एमएसबीटीई, म्हणजे राज्य तंत्र शिक्षण मंडळाकडे. आणि खाजगी व्यावसायिक कॉलेजची फी किती हे ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण, म्हणजे एफआरए.

आता या खात्याकडे काय नाही तेही सांगतो, कारण त्यातच जास्त चपला झिजतात. एमबीबीएस, बीडीएस, नर्सिंग वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. कृषी विद्यापीठं कृषी खात्याकडे. आयटीआय कौशल्य विभागाकडे. अकरावी बारावी तुमच्या सिनियर कॉलेजच्याच बिल्डिंगमध्ये भरत असली तरी ती शालेय शिक्षणाकडे. आणि रिझल्ट, फोटोकॉपी, रिव्हॅल्युएशन, मार्कशीटवर नाव चुकलंय, डिग्री सर्टिफिकेट, ट्रान्सक्रिप्ट हे सगळं विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं काम. त्यासाठी सहसंचालकांकडे, म्हणजे या खात्याच्या विभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज दिलात तर ते फार तर विद्यापीठाला पुढे पाठवतील आणि तेवढ्यात तुमची रिव्हॅल्युएशनची मुदत निघून जाईल.

पुण्याला किंवा मुंबईला लगेच पळायची गरज नसते बरं का. उच्च शिक्षणाची दहा विभागीय सहसंचालक कार्यालयं आहेत: मुंबई, पनवेल, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती, नागपूर. डीटीईची सहा आहेत: मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. इथे एक गोची आहे, नाशिकच्या पोरांना वाटतं सगळंच नाशिकला होईल, पण उच्च शिक्षणाचं विभागीय ऑफिस या यादीत नाशिकला नाहीये. म्हणून निघायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारा की आपलं कॉलेज कुठल्या जेडी ऑफिसखाली येतं. जेडी म्हणजे जॉइंट डायरेक्टर, क्लार्क लोक असंच बोलतात, 'सहसंचालक कार्यालय' म्हटलं तर कधी कधी समोरचा दोन सेकंद विचार करतो.

शिष्यवृत्तीचं जरा सविस्तर बोलू, सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकलेत. महाडीबीटी पोर्टल सगळ्या खात्यांना एकच आहे म्हणून वाटतं की ऑफिसही एकच असेल. तसं नाही. एससीची शिष्यवृत्ती सामाजिक न्यायकडे, एसटीची आदिवासी विकासकडे, ओबीसी, व्हीजेएनटीची इतर मागास बहुजन कल्याणकडे. उच्च व तंत्र शिक्षणाची मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा ८ लाख, आणि हॉस्टेल किंवा बाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शाहू महाराज योजना पोर्टलवर एकाच नावाने पण वेगवेगळ्या संचालनालयाखाली दिसते, तेव्हा नाव बघून क्लिक करू नका, वर कुठलं डिपार्टमेंट लिहिलंय ते आधी बघा. बीएस्सीवाल्याने डीटीईखालची निवडली की पुढे सगळंच फिसकटतं.

मुलींसाठी खास: ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. कितीतरी मुलींच्या घरी हे अजून माहीत नाही आणि बाप कर्ज काढतो. तुमच्या ओळखीत कोणी मुलगी बारावी झाली असेल तर तिला आजच सांगा, खरंच सांगा.

अर्ज भरल्यावर तो कुठे जातो हे समजून घेतलं तर पाठपुरावा सोपा होतो. पहिला थांबा कॉलेजची लॉगिन, तिथे क्लार्क कागद तपासतो, मग प्राचार्यांची मंजुरी, मग संचालनालयाच्या बाजूची लॉगिन, मग पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. माझ्या अनुभवात दहातले सात अर्ज पहिल्याच थांब्यावर पडून असतात. म्हणून जेडी ऑफिसला जायच्या आधी पोर्टलवर आपली प्रोफाइल उघडून अर्ज कोणाच्या डेस्कवर आहे ते बघा, स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असा. अर्ज सेंड बॅक झाला असेल तर शेरा वाचा, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, डोमिसाइल दिसत नाही, असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ते दुरुस्त करून परत पाठवायला मुदत असते, ती गेली की वर्ष गेलं.

आणि सगळं मंजूर दिसतंय पण पैसे नाहीत, तर नव्वद टक्के आधार सीडिंगचा घोळ. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांचे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मॅपिंगमध्ये (कुठल्या आधारला कुठलं खातं ही नोंद) ते खातं असणं वेगळं. सरकारी पैसे मॅपिंगमध्ये जे खातं आहे त्यातच जातात, मग तुम्ही फॉर्ममध्ये काहीही लिहा. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते बघा. बहिणीचं काय झालं होतं माहितीये, शाळेत असताना उघडलेलं झिरो बॅलन्सचं खातं मॅपिंगला होतं आणि ते कधीच बंद पडलेलं. बँकेत जाऊन एक फॉर्म भरला आणि ते प्रकरण मिटलं. दोन वर्षं.

आता तक्रार किंवा विनंती अर्ज कसा लिहायचा. तोंडी काही होत नाही हे मनाशी पक्कं करा, समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी त्याची बदली होते आणि तुमचं बोलणं त्याच्याबरोबर जातं. कागद राहतो. एकाच पानावर, असा:

प्रति, मा. विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, अमरावती विभाग (तुमचा जो असेल तो).
विषय: शैक्षणिक वर्ष अमुकची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती प्रलंबित असल्याबाबत.
संदर्भ: १) महाडीबीटी अर्ज क्रमांक व दिनांक. २) महाविद्यालयाला दिलेला अर्ज, आवक क्रमांक व दिनांक.

खाली चार वाक्यं बास. मी कोण, काय झालं, कधीपासून अडलंय, मला काय हवंय. शेवटचं महत्त्वाचं आहे, लोक अख्खी कहाणी लिहितात आणि मागणीच लिहीत नाहीत. 'तरी माझा अर्ज कोणत्या स्तरावर व कोणत्या कारणाने प्रलंबित आहे ते लेखी कळवावे' असं एक वाक्य टाका. मग सही, मोबाईल नंबर, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीच देऊ नका.

दोन प्रती न्या. ऑफिसमध्ये आवक-जावकचं टेबल असतं, तिथे एक प्रत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. शिक्का मारला पण नंबर टाकला नाही तर प्लीज नंबर टाका म्हणून सांगा, नम्रपणे पण सांगाच, कारण पुढच्या वेळी 'तुमचा अर्ज दिसत नाहीये' म्हटलं की तो नंबर रजिस्टरमध्ये सापडतो आणि कागद कुठल्या टेबलला गेला ते तिथेच लिहिलेलं असतं. घेतच नसतील तर रजिस्टर्ड एडीने पाठवा.

कॉलेजबद्दलच तक्रार असेल तर पायऱ्या थोड्या वेगळ्या. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिथे आधी लेखी द्या. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. ही पायरी गाळून थेट मंत्र्यांना लिहिलं तर ते पत्र फिरून परत त्याच कॉलेजला 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणून येतं, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

मूळ कागद अडवून ठेवलेत, एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) देत नाहीत, ही तक्रार फार येते. युजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे की मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. अर्जात संदर्भाला हे लिहा. माझ्या एका मित्राला बाकी फीचं कारण सांगून चार महिने फिरवत होते, हा उल्लेख करून प्राचार्यांना अर्ज दिला, एक प्रत सहसंचालकांना माहितीसाठी असं खाली लिहिलं, आठवड्यात कागद मिळाले. जास्त फी मागतायत तर एफआरएने त्या कॉलेजला त्या वर्षी किती फी मंजूर केलीये ते त्यांच्या साईटवर बघा, तो आकडा आणि तुमची पावती शेजारी शेजारी ठेवा आणि तक्रार एफआरएला करा. पावती न देता पैसे मागितले तर देऊच नका, कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आपल्या राज्यात १९८७ पासून आहे.

रॅगिंग असेल तर यातलं काहीही थांबून करायचं नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, आणि लगेच प्राचार्यांना लेखी. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. घरी सांगा, एकट्याने सोसू नका.

शासन निर्णय स्वतः वाचायची सवय लावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका, शासनाच्या जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयांच्या, साईटवर विभाग निवडून शोधा. प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. आणि वरच्या क्रमांकात शेवटी तांशि-४, विशि-३, मशि-२ असं काहीतरी असतं, ते मंत्रालयातलं टेबल. तांशि म्हणजे तंत्र शिक्षण, विशि विद्यापीठ शिक्षण, मशि महाविद्यालयीन शिक्षण. मंत्रालयात कधी जायची वेळ आलीच तर हे अक्षर माहीत असलं की कुठल्या कार्यासनाला जायचं ते कळतं, नाहीतर मजल्यामागून मजले फिरत बसता.

एवढं करूनही महिनाभर उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'माझं काम का झालं नाही' असं विचारू नका, 'का' ला उत्तर देत नाहीत. असं विचारा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या, टिपणीसह, छायांकित प्रती द्याव्यात.' तो आवक क्रमांक इथे कामाला येतो. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते, नाही दिली तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच ऑफिसच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोग. बऱ्याचदा अपिलापर्यंत जावंच लागत नाही, कारण टिपणीची प्रत द्यायची म्हणून फाइल उघडली जाते आणि उघडल्यावर कोणीतरी ती पुढे सरकवतं.

जाताना पिशवीत ठेवा: आधार, कॉलेजचं आयकार्ड, पोर्टलच्या अर्जाची प्रिंट, आधीच्या सगळ्या अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती, बँक पासबुकचं पहिलं पान, दोन कोरे कागद, पेन. सकाळी लवकर पोचा, जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब मीटिंगला गेलेले असतात. आणि ज्या टेबलला काम होईल तिथल्या माणसाचं नाव, हुद्दा आणि तारीख अर्जाच्या मागच्या बाजूला लगेच तिथेच उभं राहून लिहून ठेवा, बसमध्ये बसल्यावर लिहू म्हटलं की विसरायला होतं.