कंट्रोलर ०.८० टक्के कार्बन दाखवतो, शिम ०.९२ निघते: सीओ फॅक्टरची दुरुस्ती

कार्ब्युरायझिंग भट्टीत (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात ती) ऑक्सिजन प्रोब सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मोजत नाही; त्याचा टक्का ठरलेला धरूनच कंट्रोलर कार्बनचा आकडा काढतो. हाच सीओ फॅक्टर; आमच्या कंट्रोलरमध्ये तो २० टक्के धरलेला होता. नैसर्गिक वायूपासून केलेल्या एंडो गॅसला (भट्टीत सोडतात तो वाहक वायू) ते ठीक. आमचा गॅस प्रोपेनचा, त्यात सीओ २३-२४ टक्के असतो. त्यामुळे प्रत्यक्ष कार्बन जास्त आणि आकडा कमी. गिअरच्या दात्यांवर काजळी, पृष्ठभागात रिटेन्ड ऑस्टेनाइट (थंड केल्यावरही न बदलता उरलेली मऊ रचना).

फॅक्टरला हात लावण्याआधी शिम, म्हणजे कार्बन तपासायची पातळ पोलादी पत्री, घेतली. जाडी ०.१ मिमी, मूळ कार्बन ०.०५ टक्के, भट्टीत ९२५ अंश सेल्सिअसला अर्धा तास. वजन ५००.० वरून ५०४.४ मिलिग्रॅम. वाढ भागिले शेवटचं वजन, गुणिले शंभर, अधिक मूळ कार्बन: ०.९२. पत्री निळसर किंवा काजळलेली निघाली तर ती फेकाच, आकडा खोटा असतो.

मग गॅस ॲनालायझर, भट्टीतल्या वायूतला सीओ मोजणारं यंत्र. पुरेसा तापल्यावर नायट्रोजनवर झीरो, प्रमाणित सिलिंडरवर स्पॅन (माहीत असलेल्या टक्क्याशी आकडा जुळवणं). नमुन्याच्या नळीत हवा शिरली तर सीओ खोटाच कमी दिसतो, म्हणून सांधे आधी तपासले. नळीच्या तोंडाशी काजळी साचली असेल तर तिथे सीओ मोडून सीओटू वाढतो आणि हिशेबातला कार्बन घसरतो; बहुतेक घोळ इथेच असतो.

भट्टीतला सीओ २३.५ आला, तेवढाच कंट्रोलरमध्ये भरला. आकडा ०.९२ च्या आसपास गेला, एनरिचिंग गॅस (कार्बन वाढवायला वरून सोडतात तो) आपोआप कमी झाला. ॲनालायझरमधून बाहेर पडणारा गॅस शेडबाहेर सोडा, सीओ विषारी आहे.