‘टॉप रँक’वाली रिसर्च संस्था: दाव्यामागचा कागद कसा तपासायचा

ॲडमिशनचे दिवस आले की आमच्या इंदुरात भंवरकुआँपासून विजयनगरपर्यंतची होर्डिंगं बदलतात आणि प्रत्येक युनिव्हर्सिटी, प्रत्येक ‘रिसर्च सेंटर’ कुठल्या ना कुठल्या यादीत पहिल्या दहात बसलेलं असतं. मी इथल्याच एका कॉलेजात आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम बघतो, म्हणजे डिपार्टमेंटांच्या मागे लागून आकडे गोळा करायचे आणि वर पाठवायचे, त्यामुळे ओळखीतल्यांचे फोन येतात की अहो, पोरीला पीएचडीला टाकायचंय, ही रँक सरकारी आहे ना?

सरकारी असेलही, पण तिच्या मागे कायदा आहे का हे वेगळं विचारायला लागतं.

भारतात संशोधन संस्थांना रँक कशी द्यावी, कोणी द्यावी, चुकीची दिली तर काय, असं सांगणारा एक वेगळा कायदा नाहीये. एनआयआरएफ, म्हणजे कॉलेज-युनिव्हर्सिटींची सरकारी राष्ट्रीय रँकिंग, २०१५ मध्ये तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सुरू केलं, पहिली यादी २०१६ ला आली, ‘रिसर्च इन्स्टिट्यूशन्स’ ही कॅटेगरी २०२१ मध्ये जोडली. पण हा मंत्रालयाचा उपक्रम आहे, संसदेने पास केलेला ॲक्ट नाही. मासिकं आणि खाजगी कंपन्या ज्या याद्या काढतात त्यांच्यावर तर तेवढाही लगाम नाही, कोणीही उठून ‘भारतातल्या टॉप ५० रिसर्च संस्था’ छापू शकतो, आणि काही ठिकाणी अवॉर्डच्या फंक्शनचं टेबल बुक केलं की ट्रॉफीसोबत रँकही घरी येते.

मग कायदा येतो कुठून? तो मागच्या दाराने येतो. रँक स्वतः कायदा नसते, पण दुसरा एखादा नियम तिला उचलून धरतो आणि मग तिला वजन येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या ग्रेडेड ऑटोनॉमीच्या, म्हणजे दर्जानुसार स्वायत्ततेच्या, नियमांत नॅकचा (संस्थांचं मूल्यमापन करून ग्रेड देणाऱ्या परिषदेचा) स्कोअर ३.५१ किंवा त्याच्या वर असेल किंवा क्यूएस-टाइम्ससारख्या जागतिक यादीत पहिल्या ५०० मध्ये नंबर असेल तर युनिव्हर्सिटी कॅटेगरी एकमध्ये जाते, आणि मग नवीन कोर्स, नवीन डिपार्टमेंट, रिसर्च पार्क वगैरेसाठी दरवेळी यूजीसीच्या दारात उभं राहायला लागत नाही. २०१७ च्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ (निवडक संस्थांना खास दर्जा) नियमांत एनआयआरएफचे पहिले ५० किंवा जागतिक पहिले ५००. ऑनलाइन डिग्री कोर्सच्या २०२० च्या नियमांत एनआयआरएफच्या मागच्या तीन फेऱ्यांपैकी दोनदा तरी पहिल्या १०० मध्ये. परदेशी युनिव्हर्सिटीला इथे कॅम्पस काढायचा तर २०२३ च्या नियमांप्रमाणे परत तेच, जगात पहिले ५००. म्हणजे एखाद्या परदेशी खाजगी कंपनीची यादी भारताच्या राजपत्रातल्या नियमात जाऊन बसली, आणि ती यादी कशी बनते यावर आपल्या कोणाचाच कंट्रोल नाही. मला विचाराल तर खरी भानगड इथे आहे, होर्डिंगं त्यामानाने किरकोळ.

असो, तपासायचं कसं ते बघू.

पहिल्यांदा संस्था कुठल्या कायद्याने जन्माला आली ते शोधा, कारण तक्रार कुठे करायची ते यावरूनच ठरतं. आयआयटी इंदूर इन्स्टिट्यूट्स ऑफ टेक्नॉलॉजी ॲक्ट १९६१ खाली येते. देवी अहिल्या विश्वविद्यालय राज्याचं. खाजगी युनिव्हर्सिटी असेल तर मध्य प्रदेशचा २००७ चा खाजगी विद्यापीठांचा कायदा आणि त्यावर भोपाळचा विनियामक आयोग. खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची), आणि आयसीएआर स्वतः नोंदणीकृत सोसायटी. नुसतं ‘रिसर्च इन्स्टिट्यूट’ असं नाव लावलेलं असेल तर ट्रस्ट आहे, सोसायटी आहे का कंपनी ते विचाराच. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द मात्र असाच लावता येत नाही, यूजीसी ॲक्ट १९५६ चं कलम २३ त्याला मनाई करतं, फक्त कलम २४ मधला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे, एवढ्यात तर होर्डिंगचं फ्लेक्सही छापून होत नाही.

मग रँक नक्की कोणाची आहे ते बघा. यात आपल्याकडचे लोक हमखास अडकतात आणि उदाहरण घरचंच आहे. कॅट, म्हणजे आता राजा रामण्णा सेंटर, इंडस-२ सिंक्रोट्रॉन वगैरे सगळं तिथे, अणुऊर्जा विभागाची संस्था. तिथे पीएचडी करायची तर डिग्री देते होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट, जी अभिमत विद्यापीठ आहे आणि कॅट तिच्या घटक संस्थांपैकी एक. त्यामुळे यादीत ‘होमी भाभा’ दिसलं तर तो नंबर मुंबईचं बीएआरसी, कल्पक्कमचं सेंटर, कोलकात्याचं सायक्लोट्रॉन सेंटर, आपलं कॅट आणि बाकीच्या सगळ्यांचा मिळून आहे. कॅटचं नाव यादीत नाही म्हणून ती संस्था हलकी ठरत नाही, आणि होमी भाभाचा नंबर चांगला म्हणून तुमच्या पोरीला तिथल्या ज्या लॅबमध्ये काम करायचंय ती चांगली असंही ठरत नाही. तसंच स्वतः डिग्री न देणाऱ्या लॅब एनआयआरएफमध्ये सापडतीलच असं नाही, त्यांचं मूल्यमापन वेगळ्या वाटेने होतं, उदाहरणार्थ आयसीएआरच्या संस्थांचा दर पाच वर्षांनी बाहेरच्या टीमकडून रिव्ह्यू होतो. तो रिपोर्ट मागून बघा, रँकपेक्षा कितीतरी कामाचा असतो.

आता शिक्के वेगळे करून ठेवा, कारण जाहिरातीत सगळे एकाच ओळीत चिकटवलेले असतात. नॅक म्हणजे मानांकन, रँक नाही, ए प्लस प्लस ही ग्रेड आहे आणि तिला मुदत असते, तेव्हा सर्टिफिकेटवरची तारीख वाचा. एनबीए हे मानांकन देणारं वेगळं मंडळ, त्याचं मानांकन एकेका कोर्सला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही. एनएबीएल म्हणजे लॅबच्या ठराविक टेस्टिंगला मान्यता, कुठल्या टेस्ट ते स्कोपमध्ये लिहिलेलं असतं. डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) सिरो मान्यता ही विना-नफा संशोधन संस्थेला मिळते, तिचाही रँकशी काही संबंध नाही. आणि ‘१०१ ते १५०’ हा एनआयआरएफचा बँड असतो, त्यात आकडा नसतो, म्हणून ‘ऑल इंडिया रँक १०१’ असं कुठे दिसलं तर लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

यानंतर खरा मालमसाला, डेटाची पीडीएफ. एनआयआरएफला जो डेटा संस्था देते तो तिला स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवायला लागतो, बहुतेक वेळा खाली कोपऱ्यात बारीक लिंक असते. ती उघडा आणि कंटाळा न करता शेवटपर्यंत जा. वर विद्यार्थीसंख्या आणि प्लेसमेंट, मग फुलटाइम आणि पार्टटाइम पीएचडी वेगवेगळे, मग स्पॉन्सर्ड रिसर्चमध्ये किती प्रोजेक्ट, किती एजन्सी, किती रुपये, आणि रक्कम आकड्यातही आणि अक्षरातही. आम्ही भरताना हा अक्षरी रकाना सगळ्यात शेवटी भरतो आणि चुका तिथेच राहतात, तेव्हा दोन्ही जुळवून बघा. सगळ्यात शेवटी फॅकल्टीची यादी, नाव, वय, डिग्री, अनुभव, जॉइनिंगची तारीख. त्या तारखांच्या कॉलमवरून नुसतं बोट फिरवा. वीस-पंचवीस लोक एकाच महिन्यात, तेही डेटा भरायच्या जरा आधी जॉइन झालेले दिसले तर डिपार्टमेंटात जाऊन विचारा की यातले सर आत्ता कुठल्या केबिनमध्ये बसतात. संस्थेची मागच्या वर्षीची पीडीएफही मिळाली तर शेजारी ठेवा, कोण आलं कोण गेलं ते कळतं.

पेपरचे आकडे मात्र या पीडीएफमधून येत नाहीत, ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्ससारख्या डेटाबेसमधून घेतात. इंजिनियरिंग कॅटेगरीत संशोधनाला ३० टक्के वजन आहे, शिकवणं-साधनसामग्रीला ३०, निकालांना २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मताला म्हणजे परसेप्शनला १०, आणि रिसर्च कॅटेगरीत तर भर संशोधनावरच, त्यामुळे पेपरांची संख्या फुगवायचा मोह कुठून येतो ते सांगायला नको. मागे घेतलेल्या पेपरांसाठी रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस फुकट आहे, संस्थेचं नाव टाका. एनआयआरएफनेही २०२५ पासून अशा पेपरांसाठी मार्क कापायला सुरुवात केलीये.

डेटा संस्थाच देतात आणि नीट तपासला जात नाही, हाच मुद्दा घेऊन मद्रास हायकोर्टाच्या मदुरै बेंचपुढे याचिका गेली होती, मार्च २०२५ मध्ये निकाल जाहीर करायला अंतरिम स्थगितीही मिळाली होती, पण यादी शेवटी ४ सप्टेंबर २०२५ ला आलीच. अमेरिकेत मात्र रँकिंगला खोटे आकडे पाठवले म्हणून टेंपल युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलचे माजी डीन मोशे पोरट यांना २०२२ मध्ये १४ महिन्यांची शिक्षा झाली. तिथेही रँकिंगचा कायदा नव्हताच, फसवणुकीच्या साध्या कायद्यातच ते सापडले. आपल्याकडेही रस्ता तसाच आहे.

काही गडबड सापडली तर पहिलं काम आरटीआय. एनआयआरएफचं काम एनबीएकडे आहे, तेव्हा अर्ज तिकडे, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. ‘रँक अशी का दिली’ असं विचारू नका, आरटीआयमध्ये कागद मागायचा असतो, मत नाही. असं लिहा: अमुक संस्थेने अमुक वर्षी भरलेल्या डेटाची प्रत, त्यावर झालेल्या तपासणीची नोंद, आलेल्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई. खाजगी युनिव्हर्सिटी म्हणेल की आम्ही आरटीआयमध्ये येत नाही, तर अर्ज भोपाळच्या आयोगाला करा, कारण आरटीआय कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याने खाजगी संस्थेकडून जी माहिती मागवू शकतं तीही ‘माहिती’च धरली जाते. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं.

जाहिरातच खोटी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९. विद्यार्थी हा ग्राहक आहे का यावर कोर्टात जुना वाद आहे, सुप्रीम कोर्टाने पूर्वी नाही म्हटलेलं आहे, म्हणून नुकसानभरपाईच्या भरवशावर राहू नका. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार वेगळी असते, ती कलम १७ प्रमाणे कलेक्टरकडेही देता येते. मोती तबेल्याला, म्हणजे कलेक्टर ऑफिसात, मंगळवारच्या जनसुनवाईच्या गर्दीत जाऊ नका, साध्या दिवशी आवक-जावकला द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. दंड पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत होऊ शकतो. २०२२ च्या जाहिरातींच्या मार्गदर्शक नियमांत हेही आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये पाहिजे, म्हणजे चार फुटी आकड्याखाली मुंगीएवढी चांदणीवाली टीप चालत नाही. तेव्हा फोटो असा काढा की दोन्ही दिसतील. नुसती विचारपूस करायची असेल तर १९१५ वर फोन लावा.

हायकोर्टाची इंदूर बेंच गावातच आहे पण रिट हा शेवटचा उपाय ठेवा, शैक्षणिक बाबतीत कोर्ट सहसा हात घालत नाही, आणि आरटीआयचे कागद हातात नसतील तर वकीलही फार काही करू शकणार नाही. आणि भिया, हे सगळं होईपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फ्रॉड संस्था’ म्हणून टाकू नका, भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ तुमच्यावरच लागेल. कागद काय म्हणतो तेवढंच लिहा, पीडीएफ डाउनलोड करून तारखेसकट ठेवा, कारण तक्रार गेल्याचा वास लागला की वेबसाइटवरची लिंक गायब व्हायला वेळ लागत नाही.