मन बघायला बसलात? मग या चुका टाळा

पुण्यात दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मरकळला धम्मानन्द केंद्र आहे, स्वारगेटजवळ दादावाडीत धम्मपुण्ण आहे, आणि काही जण हट्टाने इगतपुरीलाच जातात. घरी परतल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेकांची तक्रार मात्र एकच असते: "तिथे छान लागत होतं हो, इथे नाही लागत."

तक्रार खरी असते, निदान चुकतं. शांत वाटलं तर ध्यान झालं, नाही वाटलं तर फुकट गेलं, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो. सतिपट्ठान सुत्त म्हणजे सजगतेवरचा बुद्धांचा उपदेश, त्यातला चित्तानुपस्सनेचा, म्हणजे मन बघण्याचा, भाग काढून बघा. तिथे चित्ताच्या १६ अवस्था जोडीजोडीने दिल्या आहेत: सराग आणि वीतराग (आसक्ती असलेलं आणि नसलेलं), द्वेष असलेलं आणि नसलेलं, आक्रसलेलं आणि विखुरलेलं, एकाग्र आणि अनेकाग्र. सूचना सगळ्यांना एकच, जे आहे ते तसं आहे हे जाणायचं. विखुरलेलं चित्त आधी गोळा करा आणि मगच बघायला सुरुवात करा, असं त्या ओळींत नाही. म्हणजे अर्धा तास मन भटकलं आणि ते भटकतंय हे चार वेळा स्वच्छ कळलं, तर ती बैठक वाया गेली असं म्हणायचं कारण नाही.

आता हे 'जाणणं' म्हणजे नेमकं काय, इथे बरेच जण अडखळतात. सकाळी सहाला बसलात. शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आधी नुसता आवाज. लगेच पोटाच्या वरच्या बाजूला किंवा जबड्यात बारीकसा आवळपणा. मग वाक्य: 'यांना रोज याच वेळेला कुकर लावायचा असतो.' त्यापाठोपाठ सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं याचं भाषण, टाळ्यांसकट. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं, आणि आपल्याला वाटतं की शिट्टीने ध्यान मोडलं. शिट्टी केव्हाच संपलेली असते. आवाज कुठे संपला आणि नकोसेपणा कुठे सुरू झाला, ती फट दिसायला लागणं हेच तर इथलं काम आहे. भाषणात रंगल्यावर जाग आली तरी चालेल. तिथून मागे जबड्यापर्यंत या. मनातल्या मनात 'चीड' एवढंच म्हणा आणि थांबा. 'मला चीड आली कारण...' असं सुरू झालं की समजा, भाषण पुन्हा चालू झालंय.

त्यामुळे शांत जागा शोधत फिरण्यातही फारसा अर्थ नाही. भाज्याच्या लेण्यांत भिक्षूंच्या खोल्या आणि दगडी ओटे बघून इथेच बसावं असं कुणालाही वाटेल. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जाऊन बघा! घरातला कोपरा आणि ठरलेली वेळ पुरते.

याची उलटी चूकही तितकीच चालते: पाया न घालता थेट मनाच्या स्वरूपाला हात घालणं. तिबेटी महामुद्रा परंपरेत साधकाला मनाबद्दल थेट प्रश्न दिले जातात. मनाला रंग आहे का, आकार आहे का? ते शरीराच्या आत आहे की बाहेर? विचार येतो कुठून, थांबतो कुठे, जातो कुठे? व्हिडिओवर हे ऐकलं की पाच मिनिटांत करून बघावंसं वाटतं. त्यात आपल्या शहरात प्रश्न विचारायचा अवकाश, उत्तर तयार असतं. 'मन शून्य आहे' हे उत्तर वाचलेलं असेल तर ते बाजूला ठेवा, त्याला इथे शून्य गुण. श्वासावर निदान पंधरा-वीस मिनिटं बसून, मन थोडं थाऱ्यावर आल्यावर एकच प्रश्न घ्या आणि विचार न करता बघा. काही सापडलं नाही, तर त्या न सापडण्यापाशीच जरा थांबा. युक्तिवाद सुरू झाला की प्रश्न सोडून श्वासावर परत. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या शिबिरातही पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघणं, असतं, विपश्यना चौथ्या दिवशी सुरू होते. ते तीन दिवस कंटाळवाणे वाटले म्हणून घरी आल्यावर आनापान टाकून देणारे पुष्कळ आहेत, आणि बहुधा तेच पुढे म्हणतात की काही दिसत नाही.

सगळ्यात चिवट चूक मात्र साक्षीची. मराठी घरांत ज्ञानेश्वरी असते, हरिपाठ असतो, वेदान्ताची प्रवचनं कानांवरून गेलेली असतात. मग चित्तानुपस्सना शिकता शिकता माणूस नकळत एक सोयीची जागा पकडतो: विचार येतात-जातात, भावना येतात-जातात, मी मात्र बघणारा, मी बदलत नाही. तिथे खूप बरं वाटतं. पण बौद्ध साधनेत तिथे मुक्काम करता येत नाही. संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात बुद्ध म्हणतात, 'मी' म्हणायचंच असेल तर चित्तापेक्षा या शरीराला म्हणणं एक वेळ बरं, कारण शरीर काही वर्षं तरी टिकतं. चित्त तर रात्रंदिवस एक म्हणून उपजतं आणि दुसरं म्हणून विरतं, जंगलातलं माकड एक फांदी सोडून दुसरी धरतं तसं. तेव्हा बघणाराही बघण्याच्या यादीत घ्यायचा.

हे कसं करायचं? 'मी बघतोय' असं वाटतं तेव्हा ते वाटणं कुठे आहे ते तपासा. बहुतेकांना डोळ्यांच्या मागे किंवा कपाळापाशी हलकासा ताण जाणवतो, आणि तोच आपण असं धरून चाललेलं असतं. तो ताण सारखाच राहतो का? रस्त्यात कुणी अचानक जोरात हॉर्न मारला, त्या क्षणी बघणारा कुठे होता? कान ऐकण्यात गुंतलेले असताना तो असतो, की मागाहून येऊन 'मी ऐकलं' म्हणून सही करतो? घाईने निष्कर्ष काढू नका, अनेक बैठका हेच बघत राहा. वेदान्ताला खोटं ठरवण्याचा इथे प्रश्नच नाही. दोन्ही वाटा आपापल्या जागी आहेत, दोन्ही वाचा. एकाच बैठकीत दोन्ही कालवल्या की हाती काहीच लागत नाही, एवढंच.

प्रकाश दिसणं, अंगभर झिणझिण्या, धाराप्रवाह (अंगभर सूक्ष्म संवेदना वाहत असल्यासारखं वाटणं), शरीर नाहीसं झाल्यासारखं वाटणं: यांवर जास्त लिहीत नाही. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात चित्ताला प्रभास्वर, म्हणजे तेजस्वी, म्हटलंय आणि मळ बाहेरून आलेले पाहुणे आहेत असं सांगितलंय. मिटल्या डोळ्यांपुढचा निळा ठिपका म्हणजे ते प्रभास्वर चित्त नव्हे. अनुभव आला, गेला. उद्या तोच हवा म्हणून बसलात, तर उद्या तुम्ही हव्यास बघायला बसलात असं धरा आणि खरंच तो बघा.

झोप येत असेल तर लाजू नका. बुद्धांचे पट्टशिष्य महामोग्गल्लान, त्यांनाही डुलक्या येत होत्या आणि बुद्धांनी त्यांना चढत्या क्रमाने उपाय सांगितले: ज्या विचाराने झोप येते तो सोड, ऐकलेला धम्म आठव, मोठ्याने पठण कर, कान ओढ आणि अंग चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि तारे बघ, मनात उजेडाची कल्पना कर, चंक्रमण कर, म्हणजे सजगपणे येरझाऱ्या घाल. तरीही झोप येतच असेल तर उजव्या कुशीवर झोप, वेळेवर उठायचं ठरवून. दुपारी एक ते चार सगळे उपाय सोडून थेट शेवटचाच करायचा, ही पुणेरी पाठभेदाची जागा.

गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. सलग काही रात्री झोप उडाली, विचार थांबेनासे झाले, भीती वाढतच चालली, आपण किंवा जग खरं नाही असं दिवसभर वाटायला लागलं किंवा आवाज ऐकू यायला लागले, तर बसणं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 'हे तर साफसफाई चाललीय' असं कुणी म्हटलं तरीसुद्धा. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि शिबिराच्या अर्जात विचारलेली माहिती लपवू नका. ती कारण असल्याशिवाय विचारत नाहीत.

रोजच्या अडचणी विचारायला जुन्या, म्हणजे शिबिर करून आलेल्या, साधकांसाठी सामूहिक साधना असतात, एक दिवसाची शिबिरं असतात. तिथे 'माझी प्रगती होतेय का?' असं विचारलंत तर गोल गोल उत्तर मिळेल. त्यापेक्षा घडलं तेवढं सांगा: राग आला, छातीत गरम वाटलं, ते बघत असताना एकदम झोप आली, असं तीन वेळा झालं, तिथे काय करू? याचं उत्तर देता येतं.